‘मी परत येणार’ हे व्हिसा अधिकाऱ्याला कशावरून पटतं?

पर्यटक व्हिसा नाकारला गेला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘मी काय तिथे राहायला चाललो होतो का?’ पगार चांगला, स्वतःचं घर, खात्यात पैसे, परतीचं तिकीटसुद्धा जोडलेलं. तरी नकार. आणि त्याच सुमाराला ओळखीतल्या कुणाला तरी, ज्याच्याकडे यातलं निम्मंही नाही, व्हिसा मिळालेला असतो. मग नशीब, अधिकाऱ्याचा मूड, कुठली खिडकी वाट्याला आली वगैरे चर्चा सुरू होते. मूडचा भाग अगदी शून्य असतो असं मी म्हणणार नाही. पण या निर्णयामागे कायदा असतो, आणि तो कुठून विचार करायला सुरुवात करतो हे एकदा कळलं की अर्जाकडे बघण्याची नजर बदलते.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथला कायदा आडपडदा ठेवत नाही. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम २१४(बी) म्हणतं की तात्पुरता व्हिसा मागणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचं राहायलाच येतो आहे असं धरून चालायचं. तसं नाही, हे त्याने अधिकाऱ्याचं समाधान होईपर्यंत दाखवायचं. एच-१बी, एल-१ असे मोजके कामाचे व्हिसा यातून वगळलेले आहेत, पर्यटक नाहीत. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. इथे सगळं उलटं. आधी संशय, मग तो खोडून काढण्याचं काम तुमचं. शिवाय पर्यटकाची व्याख्याच अशी केली आहे की त्याचं अमेरिकेबाहेर घर असलं पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे.

नकाराच्या कागदावर ‘२१४(बी)’ असं जे छापलेलं असतं ते हेच. लोक ते फार मनाला लावून घेतात. अधिकाऱ्याला तुमच्याविरुद्ध काहीतरी सापडलं, असा त्याचा अर्थ होत नाही. कायद्याने आधीच जे धरून ठेवलं होतं ते खोडायला तुमचा अर्ज आणि खिडकीपुढची ती दोन-तीन मिनिटं पुरली नाहीत, इतकंच.

युरोपातल्या शेंगेन देशांची, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर जिथे फिरता येतं त्या देशांची, वाट थोडी वेगळी आहे. तिथल्या व्हिसा कोडमध्ये, म्हणजे ८१०/२००९ क्रमांकाच्या नियमावलीत, असं गृहीतक नाही. कलम ३२ सांगतं की मुदत संपण्याआधी बाहेर पडण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका असेल तर व्हिसा नाकारावा. आता शंका किती असली म्हणजे वाजवी? कूशकाकी नावाच्या एका इराणी नागरिकाला जर्मनीने व्हिसा नाकारला, तेव्हा हा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १९ डिसेंबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने अर्जदारांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली: नियमावलीत नसलेलं कारण पुढे करून व्हिसा नाकारता येणार नाही. पण सोबत हेही सांगितलं की हा माणूस नक्की परत जाईल अशी खात्री झालीच पाहिजे असं नाही आणि अधिकाऱ्यांना निर्णयाची बरीच मोकळीक आहे. शंका वाजवी आहे का हे ठरवताना अर्जदार ज्या देशात राहतो तिथली एकूण परिस्थिती आणि अर्जदाराची स्वतःची परिस्थिती, दोन्ही बघायच्या.

यातली पहिली गोष्ट टोचणारी आहे. आपल्या आधी गेलेले किती जण मुदत उलटूनही तिथेच राहिले, याचा हिशोब आपल्या अर्जात मिसळला जातो. अमेरिकेने तर ऑगस्ट २०२५ पासून काही ठराविक देशांच्या नागरिकांकडून पर्यटक व्हिसासाठी ५, १० किंवा १५ हजार डॉलरचा बाँड, म्हणजे अनामत रक्कम, घ्यायला सुरुवात केली, आणि ते देश निवडण्याचा एक मुख्य निकष हाच होता. यावर चडफडण्यापलीकडे एकट्या अर्जदाराच्या हातात काही नाही. हातात आहे ती दुसरी गोष्ट, स्वतःची परिस्थिती.

ब्रिटनचे नियम अर्जदार ‘जेन्युइन व्हिजिटर’, म्हणजे खराखुरा पाहुणा, आहे का असं विचारतात, कॅनडाच्या नियमावलीतलं कलम १७९ मुदतीअखेर तो देश सोडेल का हे विचारतं, ऑस्ट्रेलियाचा ६०० क्रमांकाचा पर्यटक व्हिसा खरोखर तात्पुरतंच राहायचं आहे का हे तपासतो. शब्द वेगळे, प्रश्न तोच.

आणि या प्रश्नाला लोक उत्तर देतात ते मालमत्तेच्या यादीने. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. अधिकाऱ्याला तुमची श्रीमंती मोजायची नसते. तुम्ही परत आला नाहीत तर इथे तुमचं काय बुडेल, कुणाचं काय अडेल, हे त्याला शोधायचं असतं. श्रीमंती हा त्या उत्तराचा एक भाग झाला, तोही सगळ्यात वजनदार नव्हे.

घराचंच घ्या. स्वतःच्या नावावर घर आहे हे सांगताना माणूस निर्धास्त असतो. शेंगेनच्या कागदपत्रांच्या यादीत स्थावर मालमत्तेचा उल्लेख आहेच, त्यामुळे कागद जोडावा. पण घर माणसाला अडवून ठेवत नाही. ते विकता येतं, भाड्याने देता येतं, कुलूप लावून निघता येतं. त्या घरात कोण राहतं, याने जास्त फरक पडतो. शाळेत जाणारी मुलं, नोकरी करणारा जोडीदार, तुमच्या आधाराने राहणारे आईवडील: ही माणसं मागे राहणार असतील तर परतीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी की अख्खं कुटुंब मिळून सहलीला निघालं की हाच धागा सैल होतो, कारण परत बोलावणारं मागे कुणी उरत नाही. असा अर्ज करताना मुलांच्या शाळेचा दाखला, शाळा पुन्हा सुरू होण्याची तारीख, दोघांच्या मंजूर रजा हे कागद एरवीपेक्षा महत्त्वाचे ठरतात.

नोकरीच्या बाबतीत पगाराच्या आकड्यावर भर दिला जातो, पण किती वर्षं एकाच ठिकाणी आहात आणि रजा संपल्यावर तिथे तुमची कोणी वाट बघतंय का, हे जास्त बोलकं असतं. कंपनीची पत्रं बहुतेक वेळा अशी असतात: ‘सदर कर्मचारी आमच्याकडे काम करतात, त्यांची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्या प्रवासास आमची हरकत नाही.’ यातून काहीच कळत नाही. याऐवजी पत्रात असं असावं: कोणत्या पदावर, कोणत्या वर्षापासून, पगार किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा मंजूर, कोणत्या तारखेला कामावर हजर व्हायचं आहे. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि उचलला जाईल असा फोन नंबर. दूतावास काही वेळा खरोखर फोन करतो, आणि कंपनीच्या स्वागतकक्षात तुमचं नावच कुणाला माहीत नसेल तर पत्र कितीही सुबक असो, उपयोग नाही.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांना रजा द्यायला कोणी नाही, आणि दुकान किंवा ऑफिस त्यांच्याशिवाय बंद पडेल हे कागदावर दाखवणं सोपं नसतं. नोंदणीचा दाखला प्रत्येक जण लावतो. तो फक्त व्यवसाय कधीतरी सुरू झाला होता एवढं सांगतो. चालू आहे हे दाखवणारे कागद वेगळे: गेल्या दोन-तीन वर्षांची करविवरणपत्रं, व्यवसायाच्या खात्यातली नियमित ये-जा, जागेचा भाडेकरार, कामगारांच्या पगाराच्या नोंदी, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे प्रवासानंतरच्या तारखेला पूर्ण करून द्यायचं असलेलं एखादं काम. पुढच्या महिन्यात ग्राहकाला माल पोचवायचा करार हातात असलेला माणूस परतेल, हे पटायला सोपं जातं.

आता बँक स्टेटमेंट. यातच सगळ्यात जास्त अर्ज घसरतात. अर्जदार शेवटच्या पानावरची शिल्लक बघतो; अधिकारी पहिल्या पानापासून वाचत येतो. समजा सहा महिन्यांचं स्टेटमेंट आहे. पाच महिने दर महिन्याच्या सुरुवातीला पगार जमा होतो, आठवड्याभरात घरभाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी जाते, महिनाअखेरीस थोडे पैसे उरतात. या पानांवर एका माणसाचं आयुष्य दिसतं: त्याची नोकरी, त्याचं कर्ज, त्याची मुलं. सहाव्या महिन्यात, अर्जाच्या दहा-बारा दिवस आधी, पगाराच्या आठपट रक्कम एकदम जमा होते. सोबत स्पष्टीकरण काही नाही. एजंटने सांगितलेलं असतं, ‘बॅलन्स दाखवा’, म्हणून मेहुण्याकडून किंवा मित्राकडून उसने घेतलेले पैसे. अधिकाऱ्याने ही चाल शेकडो वेळा पाहिलेली असते. पाच महिन्यांच्या पानांनी कमावलेला विश्वास ती एक ओळ घालवते, कारण आता बाकीच्या नोंदींकडेही तो त्याच नजरेने बघायला लागतो. ब्रिटनच्या नकारपत्रांत अशा रकमांचा उगम कळला नाही हे कारण वारंवार लिहिलेलं आढळतं. मोठी रक्कम खरीच आली असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली, गाडी विकली, बोनस मिळाला, तर त्याचा कागद जोडा आणि पत्रात एका ओळीत सांगा. एवढं केलं की ती रक्कम खटकत नाही. कर्जाचे हप्ते दिसले म्हणून घाबरू नका, तेही इथल्या संसाराचंच चिन्ह आहे.

पैशांचा आणखी एक हिशोब असतो, तो म्हणजे सहलीचा खर्च तुमच्या मिळकतीला शोभतो का. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा पंधरा दिवसांच्या भटकंतीवर उधळणारा माणूस विरळा, त्यामुळे असा बेत दिसला की हेतूवर शंका येते. बेत बेताचा असावा. पहिलाच परदेश प्रवास, सोबत कोणी नाही, आणि मुक्काम ८५ दिवसांचा, असा अर्ज असेल तर शेंगेनच्या ‘१८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम’ या मर्यादेत बसतो खरा. पण इतके दिवस रजा कोण देतं, हा प्रश्न कागद उघडताक्षणी उभा राहतो. बारा दिवस, तीन शहरं, ठरलेली हॉटेलं आणि रजेशी जुळणाऱ्या तारखा असतील तर विचारायला फारसं उरत नाही. तारखांवरून आठवलं: रजेचं पत्र, विम्याची मुदत, हॉटेलचं बुकिंग, तिकीट आणि अर्जातला मुक्काम या पाच ठिकाणच्या तारखा एकमेकींशी ताडून बघा. एजंटने भरलेल्या फॉर्ममध्ये हमखास कुठेतरी फरक निघतो. फॉर्मवर सही तुमची असते, त्यामुळे चूकही तुमचीच धरली जाते.

तिकडे राहणारे नातेवाईक ही दुधारी बाब. मुलगा किंवा बहीण तिथे असणं म्हणजे जाण्याचं कारण पक्कं, आणि न परतण्याचं आमिषही पक्कं. म्हणून काही जण नातेवाइकांचा उल्लेखच टाळतात. हे कधीही करू नये. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये जवळच्या नातेवाइकांबद्दल सरळ प्रश्न असतो आणि त्या नातेवाइकाच्या स्वतःच्या जुन्या अर्जात तुमचं नाव आधीच असण्याची शक्यता असते. दुसरा गैरसमज स्पॉन्सर लेटरचा. मुलाची तिथली पगारपत्रकं, घराची कागदपत्रं, ‘सगळा खर्च मी करीन’ असं शपथपत्र, अशी जाडजूड फाईल घेऊन आईवडील मुलाखतीला जातात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं की पर्यटक व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा अशी हमी आवश्यक नाही. अर्जदाराने आपलं अमेरिकेबाहेरचं वास्तव्य आणि तिथले बंध यांच्या जोरावर पात्र ठरायचं, अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या आश्वासनांवर नाही. युरोपात काही देशांत यजमानाच्या पत्राचा ठरावीक नमुना असतो आणि तो लागतो. पण तिथेही त्या पत्राने मुक्कामाचा आणि खर्चाचा प्रश्न सुटतो, परतीचा नाही. निवृत्त आईवडिलांच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात: पेन्शन, स्वतःचं घर, इथेच राहणारी दुसरी मुलं-नातवंडं, आणि आधी जाऊन वेळेत परत आल्याचे पासपोर्टवरचे शिक्के.

हे शिक्के म्हणजे मायदेशाशी असलेला बंध नव्हे, पण तुम्ही संधी असताना काय केलंत याचा तो पुरावा असतो. शेंगेनच्या नियमांत त्याला रीतसर जागा आहे: मागच्या दोन वर्षांत तीन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील तर एक वर्षाचा, मग दोन वर्षांचा आणि मग पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री (अनेकदा ये-जा करता येणारा) व्हिसा, अशी चढती पायरी २०२० पासून लागू आहे. म्हणून पहिला व्हिसा मिळवणं सगळ्यात कठीण.

आणि म्हणून तरुण, अविवाहित, नुकतीच नोकरी लागलेल्या अर्जदारांचे हाल होतात. बंध जोडायलाच आयुष्य पुरेसं झालेलं नसतं. अमेरिकेच्या मार्गदर्शनात याची दखल आहे. अशा अर्जदारांच्या बाबतीत अधिकारी त्यांचा नेमका हेतू, कौटुंबिक परिस्थिती आणि मायदेशातले पुढचे बेत बघू शकतात, असं तिथे म्हटलं आहे. तेव्हा चालू असलेला अभ्यासक्रम, परीक्षेची तारीख, नोकरीतल्या बढतीचं पत्र, हे त्यांचे कागद. स्वतःच्या नावावर काही नसताना वडिलांच्या जमिनीचे उतारे जोडून फारसं साधत नाही.

पण हा खेळ पूर्णपणे न्याय्य आहे असं भासवणं अप्रामाणिकपणाचं होईल. नव्वदच्या दशकात ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात अर्जांवर चक्क सांकेतिक अक्षरं लिहिली जात. ‘आरके’ म्हणजे श्रीमंतांचं पोर, ‘एलपी’ म्हणजे गरीब दिसतो, ‘टीपी’ म्हणजे बोलण्यावरून गरीब वाटतो. लोकांची अशी वर्गवारी करायला नकार दिल्यामुळे एका अधिकाऱ्याची नोकरी गेली. तो कोर्टात गेला, आणि १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवून त्याच्या बाजूने कौल दिला. अशी अक्षरं लिहिणं बेकायदा ठरलं. तीन मिनिटांत समोरच्या माणसाबद्दल मत बनवण्याची गरज मात्र तशीच राहिली.

त्या तीन मिनिटांबद्दल थोडं. अमेरिकेच्या मुलाखतीत फाईल उघडली न जाणं अगदी नेहमीचं आहे. फॉर्म आधीच पडद्यावर असतो, प्रश्न साधे असतात. ‘कशासाठी जाताय?’ याला ‘सर, टुरिझम’ हे उत्तर काहीच सांगत नाही. ‘बहिणीला मुलगी झाली, तिला बघायला जातेय, दोन आठवडे, एकोणीस तारखेला माझी शाळा सुरू होते, मी गणित शिकवते’, या एका वाक्यात हेतू, मुदत, नोकरी आणि परतीचं कारण सगळं आलं. पाठ केलेलं वाक्य मात्र लगेच ओळखू येतं. आणि न विचारता ‘मी नक्की परत येणार’ असं सांगू नये. त्याने उलट शंका जागी होते.

जे मायदेशाबाहेर, तिसऱ्याच देशात नोकरी करतात त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्या बाबतीत सध्या राहतात त्या देशाशी असलेले बंध आधी बघितले जातात. तिथला निवास परवाना प्रवासानंतरही पुरेसे महिने चालू असल्याचं दाखवलं नाही, तर मूळ गावच्या घराचे कागद फार उपयोगी पडत नाहीत.

खोट्या कागदांबद्दल उपदेश न करता फक्त शिक्षा सांगतो. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं बंदी. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदासाठी साधारण ३ वर्षं, ओळखच खोटी असेल तर १०. ब्रिटनमध्ये फसवणुकीला १० वर्षं. अमेरिकेत कायमची अपात्रता. साध्या नकाराला यातलं काहीच लागत नाही, आणि हा फरक ‘जुळवून देतो’ म्हणणारा एजंट कधी सांगत नाही.

साध्या नकारानंतर काय? अमेरिकेत २१४(बी) विरुद्ध अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, फी पुन्हा भरून. शेंगेन देशांत नकाराचं कारण छापील फॉर्मवर खूण करून द्यावंच लागतं आणि अपिलाचा हक्क असतो. मुदत आणि पद्धत त्या त्या देशाची. ब्रिटनने नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा हक्क २५ जून २०१३ पासून बहुतांशी काढून घेतला, पण नकारपत्रात कारणं सविस्तर असतात, ती ओळ न ओळ वाचावीत. कॅनडात अधिकाऱ्याने फाईलवर केलेल्या नोंदी माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली मागवता येतात, आणि दोन ओळींच्या नकारपत्रापेक्षा त्या कितीतरी उपयोगी असतात. तोच अर्ज, तेच कागद घेऊन पुढच्याच आठवड्यात पुन्हा जाण्यात बहुधा फीच वाया जाते. मधल्या काळात नोकरीत वर्ष पूर्ण झालं, दुसरीकडचा एखादा प्रवास झाला, किंवा पहिल्या वेळी न सांगितलेली महत्त्वाची गोष्ट आता कागदासकट मांडता येतेय, तर जावं.

आणि पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ असा प्रश्न आला तर ‘हो’ लिहून वर्ष, देश आणि कारण एका ओळीत द्यावं. शेंगेन देशांच्या व्हीआयएस या सामायिक व्हिसा माहिती प्रणालीत अर्जाची नोंद, नकारासह, पाच वर्षं राहते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांच्या ठशांवरून एकमेकांकडची माहिती ताडून बघतात. जुना नकार सांगितला तर तो बहुतेक वेळा पचून जातो. लपवलेला सापडला तर प्रकरण वर सांगितलेल्या बंदीच्या कलमांत जातं.